घर बांधणार कोण, राहणार कोण? किल्लारी आणि कच्छचा धडा करजणलाही लागू

करजण (जि. वडोदरा) : करजण स्टेशनवरून दक्षिणेकडे गाडी पकडली की तासाभरात भरूच येतं आणि नर्मदेचा पूल लागतो. याच भरूचमध्ये 23 मार्च 1970 रोजी भूकंप झाला होता. तीव्रता साडेपाचच्या आतच होती. तरीही जुनी घरं कोसळली आणि वीसहून अधिक माणसं दगावली. त्यानंतर 31 वर्षांनी, 26 जानेवारी 2001 ला सकाळी कच्छ हादरलं, तेव्हा वडोदरा-करजण पट्ट्यातले लोकही घराबाहेर पळाले. भांडी वाजली, पंखे हलले, आणि काही दिवसांनी सगळे विसरले.

विसरायला कारणही आहे. इथे रोज उठून भूकंप होत नाही. पावसाळ्यात नर्मदेचं पाणी चढलं की काठच्या गावांची धांदल उडते, ती आपत्ती डोळ्यांना दिसते. भूकंपाचं तसं नाही. तो न सांगता येतो, आणि तो येईल तेव्हा आपल्या घराची भिंत कशी बांधली होती, एवढ्यावरच पुढचं सगळं ठरतं.

भूकंपप्रवण क्षेत्रांचा जो नकाशा 2002 मध्ये सुधारला गेला, त्यात कच्छ झोन 5 मध्ये होतं, कोयना परिसर झोन 4 मध्ये आणि वडोदरा-भरूच पट्टा झोन 3 मध्ये. झोन 3 म्हणजे मध्यम धोका. आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. 1993 पर्यंत लातूर झोन 1 मध्ये होतं, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या यादीत. नर्मदेच्या खोऱ्यात जमिनीखाली जुन्या भेगांचा मोठा पट्टा आहे. 22 मे 1997 रोजी जबलपूरला जो भूकंप झाला, ज्यात चाळिसेक माणसं गेली, तो याच पट्ट्यातला. म्हणून नकाशात रंग फिका आहे एवढ्यावर विसंबून चालत नाही.

माणसं भूकंपाने मरत नाहीत, घराखाली मरतात

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत जमीन हादरली. तीव्रता 6.2 च्या आसपास. सरकारी आकड्यानुसार जवळपास 8,000 माणसं गेली, इतर अंदाज 10,000 पर्यंत जातात. हादरे कर्नाटक आणि आंध्रातही जाणवले.

जगात एवढ्या तीव्रतेचे भूकंप वर्षाला कितीतरी होतात. सगळीकडे हजारो माणसं मरत नाहीत. मग किल्लारी, सास्तूर परिसरात एवढा संहार का झाला? उत्तर घरांत होतं.

तिथली जुनी घरं दगड-मातीची. भिंती दोन-अडीच फूट जाड, कुठे त्याहून जास्त. वर लाकडी तुळया-फळ्यांवर मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. मराठवाड्याच्या उन्हात असं घर थंड राहतं. भिंत जाड म्हणून चोराचीही भीती नाही. पण या जाड भिंतीची खरी रचना बाहेरून कळत नाही. आतून दगडांचा एक थर, बाहेरून दुसरा, आणि मधल्या पोकळीत दगडांचे तुकडे आणि माती. दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येतं आणि ती ढासळते. मग वरचं टनावारी माळवद झोपलेल्या माणसांवर येतं.

आणखी एक गोष्ट तेव्हा तपासणी करणाऱ्यांना दिसली. काही जुन्या खणांच्या घरांत माळवदाचा भार भिंतींवर नव्हता, लाकडी खांबांवर होता. खांब-तुळयांचे सांधे जिथे पक्के होते तिथे भिंती पडल्या, पण छत उभं राहिलं. म्हणजे जुनं सगळंच वाईट आणि सिमेंटचं सगळंच चांगलं, असा हिशेब तेव्हाही खरा नव्हता.

52 गावं हलली; घरं मिळाली, घरपण मात्र मागे राहिलं

त्यानंतर महाराष्ट्र सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. सर्वांत जास्त फटका बसलेली 52 गावं नव्या जागी वसवायची ठरली. काही गावांत जुन्या जागीच पुन्हा बांधकाम झालं. आणि ज्या शेकडो गावांत घरं पडली नव्हती पण तडकली होती, तिथे दुरुस्ती-मजबुतीकरण करायचं होतं.

स्थलांतरित गावांत घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीनाला 250 चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला 400, मोठ्या शेतकऱ्याला 750. रस्ते सरळ, रुंद, चौकटीत आखलेले. अनेक घरं देणगीदार संस्थांनी आणि ठेकेदारांनी बांधून दिली. भूकंपाच्या दृष्टीने ती आधीच्या घरांपेक्षा भक्कम होती, यात वाद नाही.

अडचण पुढे दिसली. शेतकऱ्याचं घर म्हणजे फक्त झोपायची खोली नसते. बैल कुठे बांधायचा? ज्वारीची पोती कुठे ठेवायची? कडब्याची गंजी कुठे रचायची? बाईमाणसांना अंगणात बसून निवडण-टिपण करायला आडोसा कुठे? जुन्या गावात वाड्याची भिंत, चौक, गल्ली या सगळ्याची सोय करत होती. नव्या गावात घर मैदानात उभं. भावकी एका टोकाला, शेजार दुसऱ्या टोकाला. गावाचा पसारा वाढल्याने पाण्याची पाइप, दिवाबत्ती, रस्ते यांचा खर्चही वाढला आणि तो ग्रामपंचायतीच्या गळ्यात आला.

मग लोकांनी काय केलं? जे कुणीही करेल तेच. घराला पुढे-मागे खोल्या जोडल्या. कुणी पत्रा टाकला, कुणी जुन्या गावातून दगड-लाकूड आणून भिंत उभारली. या जोडकामाला ना पट्टा, ना कोपऱ्यात सळई. म्हणजे सरकारी घर भूकंपाला टिकणारं, आणि त्याला चिकटलेली खोली पुन्हा 1993 च्या आधीसारखी. घर आखताना घरमालकाला विचारलं नाही, तर पैसे वाया जातातच, शिवाय सुरक्षितताही अशी मागच्या दाराने निघून जाते.

बायकांनी हातात घेतलेली दुरुस्ती

याच कार्यक्रमाचा दुसरा भाग कमी गाजला, पण जास्त शिकवून गेला. तडकलेली घरं दुरुस्त करायच्या गावांत ठेकेदार नव्हता. मदत घरमालकाला टप्प्याटप्प्याने मिळणार होती आणि काम त्यानेच करून घ्यायचं होतं. प्रश्न असा की, मजबुतीकरण म्हणजे काय हे गावाला कोण समजावणार? इंजिनिअर थोडे, गावं शेकड्यांनी. आणि भूकंपानंतर लोकांचा दगडावरचा विश्वासच उडालेला. ‘दगडाचं घर पाडा आणि स्लॅबचं द्या’ ही मागणी सगळीकडे होती.

इथे प्रेमा गोपालन यांची ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था आली. हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहाय्यक’ म्हणून नेमण्यात आलं. काम साधं वाटतं, पण महत्त्वाचं होतं : घरोघरी जाऊन योजना समजावणं, कुणाचा हप्ता कुठे अडकला ते पाहणं, गवंड्याने सांगितलेलं काम केलं की नाही हे तपासणं, आणि अडलं तर इंजिनिअरला गाठणं. ज्या बायका कधी तहसीलची पायरी चढल्या नव्हत्या, त्या भिंतीत आरपार दगड किती अंतरावर हवा यावर गवंड्याशी बोलू लागल्या.

हे यशस्वी का झालं, याचं कारण व्यवहाराचं आहे. घरात दिवसभर बाई असते. सिमेंटची गोणी किती आली, किती वापरली, भिंतीवर पाणी मारलं की नाही, हे तिला दिसतं. तालुक्याहून आठवड्याला एकदा येणाऱ्या साहेबाला दिसत नाही. देखरेख करणाऱ्याचाच जीव त्या छताखाली असेल, तर त्यात कुचराई होत नाही.

कच्छने वाट बदलली

26 जानेवारी 2001 चा भूकंप 7.7 तीव्रतेचा. 13,000 हून अधिक मृत्यू, 12 लाखांहून जास्त घरांचं नुकसान. गुजरात सरकारने काही दिवसांतच राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभं केलं. सुरुवातीला विचार लातूरच्याच वळणाचा होता, गावं हलवायची. पण गावांना विचारल्यावर बहुतेकांनी नकार दिला. शेत इथे, विहीर इथे, देव इथे. मग आम्ही तिकडे कशाला?

मग धोरण बदललं. मालकाने स्वतः बांधायचं, सरकारने पैसे आणि तांत्रिक मदत द्यायची. रक्कम तीन हप्त्यांत, आणि पुढचा हप्ता इंजिनिअरने काम तपासल्यावरच. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करण्यावर भर. हजारो गवंड्यांना प्रशिक्षण. बहुसंख्य घरं अशीच, मालकांनी बांधली. संस्थांनी गावगटांत ‘सेतू’ केंद्रं चालवली, जिथे माहिती मिळायची आणि तक्रारही करता यायची.

आणि या कामात लातूर-धाराशिवच्या बायका कच्छमध्ये गेल्या. मराठी बोलणाऱ्या बायका, कच्छी-गुजराती बोलणाऱ्या बायकांना आपल्या गावात काय चुकलं आणि काय जमलं ते सांगत होत्या. राज्याची सीमा आणि भाषा दोन्ही ओलांडून गेलेला हा अनुभव कागदी अहवालापेक्षा जास्त कामाचा ठरला, कारण सांगणारीने स्वतःचं घर पडताना पाहिलं होतं.

कच्छच्या बन्नी भागातली ‘भुंगा’ ही गोल मातीची घरंही तेव्हा चर्चेत आली. आजूबाजूला पक्की म्हणवणारी घरं पडली, त्यात चांगले बांधलेले भुंगे बरेचसे टिकले. गोल भिंतीला कोपराच नसतो, त्यामुळे हादरा एका जागी साचत नाही. छत गवताचं, हलकं. भुजमधल्या ‘हुन्नरशाला’ या संस्थेने पुढे स्थानिक कारागीर आणि माती यांवरच सुधारित बांधकामाचं काम उभं केलं. थोड्या सिमेंटने स्थिर केलेले मातीचे दाबीव ब्लॉक, धुमसलेल्या मातीच्या भिंती अशा गोष्टी त्यात आल्या. भट्टीत विटा भाजाव्या लागत नाहीत, सामान लांबून आणावं लागत नाही आणि पैसा गावातच राहतो. टिकाऊ बांधकाम म्हणतात ते हेच.

घर टिकतं ते कशाने?

तांत्रिक भाग अवघड नाही. दगड किंवा विटांच्या भिंतींवर उभ्या असलेल्या साध्या घरासाठी मुद्दे असे :

- आडवे पट्टे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, ती आरे विस्कटू देत नाही. तसंच घराला सळईचा काँक्रीट पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरवायचा : जोत्यावर, दरवाजा-खिडकीच्या डोक्यावर (लिंटेल) आणि छताखाली. फक्त खिडकीपुरता तुकडा टाकला तर तो पट्टा नव्हे.
- कोपऱ्यात उभी सळई. पायापासून छतापर्यंत. भिंती कोपऱ्यातच आधी सुटतात.
- आरपार दगड. दगडी भिंतीत दर दोन फूट उंचीला आणि चार फुटांच्या आत एक दगड भिंतीच्या पूर्ण जाडीचा हवा. तसा दगड मिळत नसेल तर सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळा चालतो. भिंत दीड फुटापेक्षा जाड नको. जाड म्हणजे मजबूत हा समज किल्लारीने खोटा ठरवला.
- दरवाजे-खिडक्या कोपऱ्याला चिकटून नकोत, आणि एका भिंतीत फार नकोत.
- छत हलकं किंवा भिंतींना नीट बांधलेलं. पावसागणिक माळवदावर मातीचा नवा थर चढवत राहणं धोक्याचं.

दगडी, मातीच्या घरांसाठीही भारतीय मानकं आहेत, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. 1993 सालचं आयएस 13828 दगड-विटांच्या साध्या बांधकामासाठी आणि आयएस 13827 मातीच्या घरांसाठी. म्हणजे भूकंपरोधक घर हवं तर आरसीसीच हवं, असं सरकारही म्हणत नाही.

उलट आरसीसी चुकीचं झालं तर काय होतं ते 2001 मध्ये अहमदाबादने पाहिलं. केंद्रबिंदू दोनशे किलोमीटरहून लांब, तरीही तिथे अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम, वर भिंतींनी भरलेले मजले. हादऱ्यात खालचा मजला लुळा पडतो आणि वरचं सगळं खाली बसतं. कॉलमच्या रिंगा जवळजवळ हव्यात आणि त्यांची टोकं आत, काँक्रीटमध्ये वळवलेली हवीत. नुसत्या काटकोनात मुडपलेल्या रिंगा हादऱ्यात उघडतात.

करजणच्या मातीत काय वेगळं?

करजण म्हणजे कपाशीचा मुलूख, काळी जमीन. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर भूकंप यायच्या आधीच भिंतीला तडे जातात, आणि तडकलेली भिंत हादऱ्यात आधी पडते. म्हणून इथे पाया खोल, मुरूम-वाळूचा भराव, जोत्याचा पट्टा आणि पावसाचं पाणी घरापासून दूर नेणारी फरसबंदी या गोष्टी आधी. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर असलेल्या छोट्या पाइलचा पाया विकसित केला आहे, तोही पर्याय आहे. मातीचे ब्लॉक करायचे तर नुसती काळी माती चालत नाही. त्यात वाळू मिसळावी लागते.

नर्मदेच्या काठाला प्रश्न निराळा. नारेश्वरला दर्शनाला जाणाऱ्या मराठी भाविकांना तो काठ माहीत आहे. तिथे पूर आणि भूकंप दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो. पुरासाठी जोतं उंच हवं, पण उंच जोतं भुसभुशीत भरावावर उभं केलं तर हादऱ्यात खचतं. पाणी धरून बसलेली वाळू जोराच्या हादऱ्यात पातळ होते, तिच्यावर घर नकोच.

हिशेब आणि हक्क

पुनर्वसन म्हणजे आपत्तीनंतरची गोष्ट, असं आपण समजतो. पण मालकाने बांधायचं आणि सरकारने हप्ते द्यायचे हीच पद्धत आज प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरांना आहे. सपाट भागात घरामागे 1 लाख 20 हजार रुपये, किमान 25 चौरस मीटर, पैसे थेट खात्यात, आणि नियमाप्रमाणे ठेकेदार लावायचा नाही. म्हणजे किल्लारी आणि कच्छला जे आपत्तीनंतर शिकावं लागलं, ते शिकायची संधी करजणपासून तलासरीपर्यंत प्रत्येक गावाला आत्ताच आहे.

तलासरी-डहाणूचं नाव घ्यायचं कारण आहे. पालघर जिल्ह्यात धुंदलवाडी परिसरात नोव्हेंबर 2018 पासून लहान-लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. धक्के छोटे, पण भिंतींना तडे गेले आणि कुडकुडत्या थंडीत लोकांना तंबूत झोपावं लागलं. मराठवाड्यात हिंगोली-नांदेड पट्ट्यानेही 2024 मध्ये साडेचारच्या तीव्रतेचे धक्के अनुभवले. सीमेच्या अलीकडे असो वा पलीकडे, प्रश्न तोच आहे.

खर्चाचं म्हणाल तर पट्टे आणि कोपऱ्यातल्या सळया यांनी घराच्या एकूण खर्चात थोडीच भर पडते. पण ही भर नेमकी तिथे पडते जिथे गिलावा झाल्यावर काही दिसत नाही. म्हणूनच तीच आधी कापली जाते. फरशी, रंग, पुढच्या बाजूची जाळी यांवर खर्च होतो आणि छताखालचा पट्टा राहून जातो.

तेव्हा घराचं काम काढताना गवंडी म्हणा की कडिया म्हणा, त्याला हे पाच प्रश्न विचारावेत :

1. पट्टा चारही भिंतींवरून सलग आहे का, की तुटक?
2. कोपऱ्यातली सळई पायात कुठून सुरू होते?
3. कॉलमच्या रिंगांची टोकं आत वळवली आहेत का?
4. खाली दुकान किंवा पार्किंग असेल तर त्या मजल्यावर भिंती किती?
5. पुढे खोली वाढवायची झाली तर ती मूळ घराला कशी जोडणार?

आणि ग्रामसभेत एक मागणी ठेवायला हरकत नाही : आवास योजनेचा पुढचा हप्ता निघण्याआधी जोतं आणि लिंटेल या दोन टप्प्यांवर घरमालकिणीसमोर तपासणी व्हावी, आणि गावातल्या दोन-चार बायकांना ती तपासणी करायला शिकवावं. लातूर-धाराशिवच्या बायकांना हे भूकंपानंतर शिकावं लागलं होतं. इथे ते आधी शिकता येईल.